पेशींभोवतीचं ११ लिटर पाणी

७० किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी असतं. त्यातलं २८ लिटर पेशींच्या आत, ३ लिटरच्या आसपास रक्तद्रवात म्हणजे प्लाझ्मात, आणि उरलेलं सुमारे ११ लिटर पेशींच्या मधल्या बारीक फटींत झिरपलेलं. शरीर समजून घ्यायचं असेल तर सुरुवात या ११ लिटरपासून करावी. शाळेच्या पुस्तकात पचनसंस्था, श्वसनसंस्था, उत्सर्जन संस्था असे सुटे धडे असतात. अभ्यासाला ते सोयीचं पडतं, पण त्यामुळे प्रत्येक संस्थेचं आपलं वेगळं काम चालू असतं असा समज मनात बसतो. खरं तर जवळजवळ सगळ्या संस्था एकाच कामाला जुंपलेल्या आहेत: पेशींभोवतीचं हे पाणी ठरावीक मर्यादेत राखायचं.

पेशीला बाहेरच्या हवेचा, अन्नाचा थेट पत्ताच नसतो. तिला ऑक्सिजन मिळतो तो या पाण्यातून, साखर मिळते ती यातूनच, आणि कार्बन डायऑक्साइड, टाकाऊ आम्लं सोडायची तीही यातच. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांनी १९व्या शतकात या पाण्याला शरीराचं अंतर्गत पर्यावरण म्हटलं. ते स्थिर राखण्याच्या खटपटीला १९२६ मध्ये अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. मराठीत त्याला समस्थिती म्हणतात. स्थिर म्हणजे गोठलेलं नव्हे. आत सतत भर पडते, बाहेर सतत निचरा होतो, आणि तरी पातळी हलत नाही.

मर्यादा किती अरुंद आहे ते पोटॅशियमवरून कळतं. पेशीच्या आत त्याचं प्रमाण लिटरला सुमारे १४० मिलिमोल, बाहेर मात्र ३.५ ते ५. सोडियमचं बरोबर उलट: बाहेर १४० च्या आसपास, आत १० ते १५. हा फरक टिकवायला पेशीच्या आवरणावर सोडियम बाहेर फेकणारे आणि पोटॅशियम आत ओढणारे पंप अखंड चालू असतात; आपण स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त या पंपांवर खर्च होतो. चेतातंतूतला संदेश आणि हृदयाचा ठोका दोन्ही या फरकावर चालतात. म्हणून बाहेरचं पोटॅशियम ६.५ च्या वर गेलं की हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकतं. किडनी निकामी झालेल्या रुग्णाला फळं, शहाळ्याचं पाणी जपून घ्यायला सांगतात ते यासाठीच.

पेशीपासून अवयवापर्यंत

एकसारखं काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. माणसाच्या शरीरात ऊतींचे मुख्य प्रकार चारच: पृष्ठभाग झाकणारी अभिस्तर ऊती, जोडणारी आणि आधार देणारी संयोजी ऊती, आकुंचन पावणारी स्नायू ऊती आणि संदेश वाहणारी चेता ऊती. अवयव म्हणजे या चारांची रचना. जठर घ्या. आतून अभिस्तराचा थर, त्यातल्या काही पेशी आम्ल सोडतात, काही श्लेष्मा. खाली संयोजी ऊतीत रक्तवाहिन्या. त्याबाहेर तीन दिशांनी विणलेले स्नायूंचे थर, अन्न घुसळायला. आणि या थरांमध्ये चेतातंतूंचं स्वतःचं जाळं.

जठरातल्या आम्लाचा पीएच दीडदोनपर्यंत उतरतो, एवढं ते जहाल असतं. तरी जठर स्वतःला पचवत नाही, कारण अभिस्तरावर श्लेष्माचा आणि बायकार्बोनेटचा लेप असतो. तो लेप चालू ठेवण्याचा संदेश प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं देतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या याच रसायनांची निर्मिती रोखून दुखणं कमी करतात, आणि त्याच झटक्यात जठराचा लेपही पातळ करतात. दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्यांना अल्सर होतो, कधी रक्तस्राव होतो, तो असा. जेवणानंतर गोळी घेतली तर जळजळ जरा कमी होईल, पण धोका टळत नाही, कारण गोळी रक्तात मिसळूनही तेच करते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी: एक अवयव एकाच संस्थेचा असतो असं नाही. स्वादुपिंड पाचकरस आतड्यात सोडतं आणि इन्सुलिन रक्तात. हाडं शरीराला उभं ठेवतात, त्यांच्या मज्जेत दर सेकंदाला २० लाखांहून जास्त लाल पेशी तयार होतात, आणि शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियमही तीच साठवतात. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की गळ्यातल्या परावटू ग्रंथींचं संप्रेरक हाडांतून ते काढून घेतं. म्हणूनच रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणजे हाडं मजबूत आहेत, असं अनुमान काढता येत नाही. रक्ताची पातळी राखताना हाडं झिजलेली असू शकतात.

अंतराचा प्रश्न आणि त्यावरचं उत्तर

ऑक्सिजन पाण्यात आपोआप पसरतो, पण अंतर वाढलं की लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग ओलांडायला सेकंदाचा अगदी छोटा अंश पुरतो. एक मिलिमीटरला काही मिनिटं लागतात. एक सेंटीमीटर जायचं तर कित्येक तास. एका पेशीच्या जिवाला फुप्फुसं, हृदय काही लागत नाही ते यामुळे, आणि माणसाला हे सगळं लागतं तेही यामुळेच. कूर्चा किंवा डोळ्याचं पारदर्शक बुबुळ असे मोजके भाग सोडले, तर शरीरातली जवळपास प्रत्येक जिवंत पेशी कुठल्या ना कुठल्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत असते. केशवाहिनी इतकी अरुंद की लाल पेशीला वाकून, एकामागे एक सरकावं लागतं.

रक्त फिरून परत हृदयाकडे येतं हे विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये मांडलं, आणि त्यांचा एक युक्तिवाद निव्वळ हिशेबाचा होता. तो आजच्या आकड्यांनी करून पाहा: एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर. शरीरात एकूण रक्तच ५ लिटर. एवढं रक्त दर मिनिटाला नव्याने तयार होणं शक्य नाही, म्हणजे तेच पुन्हापुन्हा फिरतं.

हृदय म्हणजे एकाला एक चिकटलेले दोन पंप. उजवा फुप्फुसांकडे ढकलतो, डावा बाकी शरीराकडे. दोन्ही मिनिटाला सारखंच रक्त ढकलतात, पण उजव्या बाजूचा वरचा दाब २५ च्या आसपास आणि डाव्या बाजूचा १२०, म्हणून डावी भिंत जाड. डावा पंप थकला की रक्त त्याच्या मागे तुंबतं, म्हणजे फुप्फुसांत, आणि आडवं झालं की दम लागतो. उजवा थकला तर शिरांमध्ये तुंबतं आणि पाय सुजतात. दुखणं कुठे दिसतं त्यावरून अडथळा कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो.

अवयवांची जोडणीही विचारपूर्वक पाहावी अशी आहे. मेंदू, किडन्या, स्नायू, त्वचा यांच्या वाहिन्या समांतर निघतात, त्यामुळे प्रत्येकाला ताजं रक्त मिळतं आणि एकाचा पुरवठा दुसऱ्याला धक्का न लावता कमीजास्त करता येतो. बसलेल्या माणसात किडन्यांना हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा भाग मिळतो, मेंदूला साधारण १५ टक्के. जोरात धावताना हृदय मिनिटाला २० लिटर किंवा अधिक रक्त ढकलतं आणि त्यातलं बहुतेक स्नायूंकडे वळतं. मेंदूचा वाटा लिटरमध्ये मोजला तर जवळपास तेवढाच राहतो.

या मांडणीला ठळक अपवाद यकृताचा. आतड्यातून निघालेलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, आधी यकृतातून जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या मार्गाने येतो. जे काही खाल्लं, त्याची तपासणी मुख्य प्रवाहात मिसळण्याआधीच होते. गिळलेल्या औषधाचंही तेच. छातीत दुखल्यावर दिलेली नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवायची असते, कारण तिथल्या शिरा यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जातात. गिळली तर बराचसा अंश यकृतातच मोडला जातो.

केशवाहिनीच्या पातळ भिंतीतून पाणी बाहेर झिरपतं आणि ते ११ लिटर ताजं राहतं. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन ते धरून ठेवतं. तरी जे जास्तीचं झिरपतं ते दिवसाला काही लिटर भरतं, आणि लसीकावाहिन्या ते गोळा करून गळ्यापाशी शिरांमध्ये परत सोडतात. अंगावर सूज येण्याची कारणं या एका परिच्छेदात मावतात: शिरेतला दाब वाढला (हृदय थकणं, पायात गुठळी), अल्ब्युमिन घटलं (यकृताचा सिरॉसिस, किडनीतून प्रथिनं गळणं, कुपोषण), भिंत गळकी झाली (गांधील माशीचा दंश, जंतुसंसर्ग), किंवा लसीकावाहिनी बंद पडली (हत्तीरोग). सूज एक, उपाय चार वेगळे. पाय सुजले म्हणून मनानेच लघवी जास्त होण्याची गोळी घेणं किती बेभरवशाचं आहे ते यावरून दिसेल.

तीन उंबरठे

आतड्याची पोकळी, फुप्फुसातली हवा आणि किडनीच्या नलिकेतला द्रव, हे तिन्ही काटेकोरपणे पाहिलं तर शरीराच्या बाहेरच आहेत. गिळलेला घास जोवर आतड्याची भिंत ओलांडत नाही, तोवर तो आत आलेला नसतो. या तिन्ही ठिकाणी निसर्गाने एकच युक्ती वापरली आहे: भिंत शक्य तितकी पातळ आणि पृष्ठभाग शक्य तितका मोठा.

फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश आहेत, त्यांचा पसारा ७० चौरस मीटरच्या आसपास, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा काही ठिकाणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. एका साध्या श्वासात ५०० मिलिलिटर हवा आत येते, पण त्यातली सुमारे १५० श्वासनलिकांतच राहते आणि तशीच परत जाते. म्हणून मिनिटाला १२ श्वास घेतले तर कामाची हवा १२ गुणिले ३५०, म्हणजे ४.२ लिटर. तेवढीच हवा २५० मिलिलिटरच्या २४ उथळ श्वासांत घेतली, तर कामाची हवा उरते फक्त २.४ लिटर. धापा टाकणारा माणूस भरपूर श्वास घेतोय असं पाहणाऱ्याला वाटतं, आणि त्याला हवा मात्र पुरत नसते.

श्वास घ्यायची निकड सहसा ऑक्सिजन कमी झाल्याने वाटत नाही, कार्बन डायऑक्साइड वाढल्याने वाटते. पाण्यात बुडी मारण्याआधी मुद्दाम भरभर श्वास घेणं घातक ठरतं ते यामुळे. तसं केल्याने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, ऑक्सिजन फारसा वाढत नाही, आणि श्वासाची निकड वाटण्याआधीच पाण्याखाली शुद्ध हरपते.

आतड्यात दिवसभरात सुमारे ९ लिटर द्रव येतो: २ लिटर आपण खाल्ल्याप्यायल्याचे, ७ लिटर लाळ, जठररस, पित्त आणि इतर स्रावांचे. शौचावाटे जातं ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर पाणी. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशींतून क्षार आणि त्यामागोमाग पाणी बाहेर सोडायला लावतं, आणि हा ताळेबंद काही तासांत कोसळतो. पण साखर आणि सोडियम जोडीने आत घेणारी वाट त्या विषाने बिघडत नाही. सोडियम आणि साखर आत गेली की पाणी त्यांच्यामागे जातं. जलसंजीवनी म्हणजे ओआरएस या एका वाटेवर उभं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात १ लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रमाण काटेकोर पाळावं. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच राहून पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात; गोड शीतपेयं जुलाबात देऊ नयेत त्याचं कारण हेच. मीठ जास्त झालं तर लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं.

तिसरा उंबरठा किडनीचा, आणि त्याची कामाची पद्धत सगळ्यांत वेगळी. घर आवरताना नको ते शोधत बसण्याऐवजी सगळं सामान अंगणात काढावं आणि हवं तेवढंच परत आत न्यावं, तशी. दोन्ही किडन्यांतल्या मिळून सुमारे २० लाख नेफ्रॉनांमधून, म्हणजे सूक्ष्म गाळण्यांमधून, दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो. रक्तद्रव फक्त ३ लिटर, म्हणजे तो दिवसात ६० वेळा गाळून निघतो. मग नलिका त्यातलं ९९ टक्के पाणी, जवळपास सगळी साखर आणि गरजेपुरते क्षार परत घेतात, आणि मूत्र म्हणून दीड लिटर उरतं. या पद्धतीचा फायदा असा की शरीराला कधीच न भेटलेलं एखादं रसायन आलं तरी त्यासाठी वेगळी सोय लागत नाही. ते आत घेतलं नाही की झालं. साखर परत घेण्याची क्षमता मात्र मर्यादित असते. रक्तातली साखर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती मूत्रात उतरते, सोबत पाणी ओढते, आणि मधुमेही माणसाला वारंवार लघवी आणि तहान लागते.

किडनीकडे राखीव क्षमता इतकी असते की रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ, ठळकपणे वाढेपर्यंत निम्मं काम गेलेलं असू शकतं. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी म्हणूनच नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नये. लघवीतल्या अल्ब्युमिनची चाचणी बिघाड आधी दाखवते. आणि किडनी गेली की फक्त गाळणी जात नाही. लाल पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन, ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप, रक्तदाब सांभाळणारं रेनिन, सगळी तिथेच बनतात. त्यामुळे किडनीच्या रुग्णात पांडुरोग, ठिसूळ हाडं आणि बिघडलेला रक्तदाब एकत्र दिसतात.

हुकूम कोण देतं

दोन यंत्रणा. चेतासंस्था झटपट, तिच्या जाड तंतूंत संदेश सेकंदाला १०० मीटरच्या वेगाने धावतो. संप्रेरकं रक्तातून जातात, सावकाश, पण सगळीकडे पोहोचतात. त्यांच्या टिकण्यातही फरक: रक्तात आलेलं इन्सुलिन काही मिनिटांत निम्मं होतं, थायरॉइडचं थायरॉक्सिन निम्मं व्हायला आठवडा लागतो. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच रक्त तपासतात ते यासाठी. दहा दिवसांत केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते आणि डोस उगाच वरखाली होतो.

दोन्ही यंत्रणांची रीत एकच: मोजायचं, अपेक्षित पातळीशी ताडायचं, उलट दिशेने ढकलायचं. थायरॉक्सिन कमी पडलं की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, वाढवते. अहवालात टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड जास्त, हा गोंधळ फार लोकांचा होतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ उलटा असतो, ग्रंथी कमी काम करते म्हणून वरून जोराने ओरडून सांगावं लागतंय.

प्रजननसंस्था तेवढी या मांडणीत नीट बसत नाही. ती काढून टाकली तरी व्यक्ती जगते. तिच्या संप्रेरकांचा हाडांवर आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, तेवढ्यापुरती ती इतरांशी बांधलेली आहे.

एक लिटर रक्त गेलं तर

सगळ्या संस्था एका कामाला कशा लागतात ते अपघातात दिसतं. ७० किलोच्या निरोगी माणसाचं १ लिटर रक्त वाहून गेलं, असं धरू.

पहिल्या काही सेकंदांत मान आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीतले दाबमापक चेतातंतू मेंदूच्या देठाला खबर देतात. नाडी शंभराच्या पुढे जाते. त्वचा, आतडी, स्नायू यांच्या वाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हात गार आणि चेहरा पांढराफटक. शिराही आवळतात आणि त्यांत साठलेलं रक्त हृदयाकडे येतं. या सगळ्यामुळे वरचा रक्तदाब अजून जवळपास नेहमीइतकाच असू शकतो. जखमी माणसाचा रक्तदाब नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणं ही मोठी चूक आहे. रक्तदाब बहुधा ३० टक्क्यांहून जास्त रक्त गेल्यावर कोसळतो. नाडीचा वेग, गार त्वचा आणि अस्वस्थपणा आधी बोलतात.

काही मिनिटांत अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन येतं. किडनी रेनिन सोडते, त्यातून वाहिन्या आणखी आवळणारं आणि सोडियम राखायला लावणारं संप्रेरकांचं चक्र सुरू होतं. पीयूषिकेतून व्हॅसोप्रेसिन येतं, लघवी घटते, तहान लागते. जखमेपाशी प्लेटलेट चिकटून गुठळी धरते.

पुढच्या काही तासांत केशवाहिन्यांतला दाब उतरल्यामुळे पाण्याचा ओघ उलटतो: पेशींमधल्या ११ लिटरांतून पाणी रक्तात शिरतं. रक्ताचं आकारमान भरतं, पण ते पातळ होतं. त्यामुळे अपघातानंतर लगेच तपासलेलं हिमोग्लोबिन चांगलं दिसतं आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी घसरलेलं येतं. रक्तस्राव पुन्हा सुरू झाला असेलच असं नाही. आधी गेलेल्या रक्ताचा हिशेब आत्ता दिसतोय एवढंच असू शकतं.

दरम्यान किडनीला ऑक्सिजन कमी मिळाल्याची जाणीव होते, एरिथ्रोपोएटिन वाढतं आणि मज्जा कामाला लागते. नव्या, अपक्व लाल पेशी रक्तात आठवड्या-दहा दिवसांत सगळ्यांत जास्त दिसतात. लाल पेशींची संख्या पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. लोहाचं खातं त्याहून उशिरा भरतं: १ लिटर रक्तासोबत सुमारे ५०० मिलिग्रॅम लोह गेलं, आणि आतडं अन्नातून दिवसाला साधारण १ ते २ मिलिग्रॅमच शोषतं. हिमोग्लोबिन जागेवर आलं तरी लोहाच्या गोळ्या पुढे तीनेक महिने चालू ठेवायला सांगतात, त्या या रिकाम्या झालेल्या साठ्यासाठी.